हरण्यातून उठलेली केळ

"मग ही मेली का, बाबा? तुम्हीच सांगा. तुमच्या डोळ्यांसमोर उभी आहे."

ताराचंद केळीच्या खोडावर हात ठेवून उभा होता. गुटगुटीत वासराच्या पाठीवर मालकाने ठेवावा, तसा.

उखाबाबांनी केळीकडे पाहिलं, ताराचंदाकडे पाहिलं, मग बांधावर टेकले आणि टाचेत रुतलेला काटा शोधू लागले.

"नही मेली," ते म्हणाले.

"एखाद्या तरी पानावर पट्टा दिसतो?"

"नही दिसत."

"मग रोग गेलाच ना?"

बाबांनी काटा काढला, उन्हात धरून नीट पाहिला आणि फेकून दिला.

"राग आलेला माणूस झोपला, म्हंजे राग गेला का रे?"

ताराचंद मनातल्या मनात हसला. बाबा कालच नर्मदेची परिक्रमा पायी पुरी करून आले होते. अंग उन्हाने रापलं होतं, टाचांना भेगा पडल्या होत्या. दमलेला माणूस कशातही खोट काढतो, असं त्याने स्वतःला समजावलं.

बाबा आणि त्यांचा शिष्य ताराचंद राहतात तो हा मठ तापीच्या काठावर, केळीच्या बागांत असा बुडालेला आहे की अंगणात पाय पडेपर्यंत वाटसरूला मठ आल्याचं कळत नाही. मठाला देणग्या फार नाहीत आणि चमत्कार तर मुळीच नाहीत. पण बाग आहे, आणि बागेचा एक रिवाज आहे.

दरसाल ज्येष्ठात, मृग लागायच्या आधी, ज्या महाराजांनी हा मठ बांधला त्यांची पुण्यतिथी येते. त्या दिवशी आसपासचे शेतकरी येतात आणि प्रसाद म्हणून केळीच्या बुडाशी फुटलेला एकेक मुनवा घेऊन जातात. नव्या बागेच्या ईशान्य कोपऱ्यात आधी मठाचा मुनवा लागतो, मग बाकीची लागवड. पेढा खाल्ला की संपतो. हा प्रसाद वाढतो, त्याला पिल्लं होतात, आणि वर्षभरात बागेला त्याची सोबत होते.

तर गेल्या भादव्यात आभाळ दिवसच्या दिवस खाली उतरून बसलं आणि बागेच्या एका कोपऱ्यात पानांवर पिवळट पट्टे उमटले.

शेतकी खात्याचे साहेब याला व्हायरस म्हणतात. गावात म्हणतात हरण्या. नाव गोड आहे, करणी वाईट. पानं आधी चितारल्यासारखी होतात, मग वाढ खुंटते, घड बाहेर पडतच नाही. मावा नावाची बारीक कीड आजारी झाडाचा रस पिऊन धडधाकट झाडावर जाऊन बसते आणि तिथेही तीच कथा सुरू होते. यावर औषध नाही. उपटायचं आणि गाडायचं, एवढंच.

त्याच कोपऱ्यात ताराचंदाने उपास करणाऱ्यांसाठी काकडीचे वेल लावले होते. काकडीवरची पीडा केळीवर येते हे तापीकाठी शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण भक्तिभावात माणूस असं काही काही विसरतो. ते वेल बाबांनी स्वतः उपटले. बोलले काहीच नाहीत.

कार्तिकात परिक्रमेला निघताना मात्र बोलले.

"पट्टेवाल्या साऱ्या केळी मुळासकट काढ, अन् गाडून टाक. शेजारच्यांवर लक्ष ठेवजो."

"हो बाबा," ताराचंद म्हणाला.

आणि त्याने एकही काढली नाही.

आळस म्हणाल तर तो ताराचंदाच्या गावीही नव्हता. उलट त्याला वाटलं, जिवंत, हिरव्या झाडाच्या मुळावर पहार घालायची, ही कसली साधुता? आजाऱ्याला गाडायचं नसतं, त्याची सेवा करायची असते. बाबा थकले, त्यांना हे आता कुणी सांगायचं? ते येतील तेव्हा आपणच दाखवू.

तो रोज पहाटे त्या केळींना हाताने पाणी घाली. निंबोळीचा अर्क फवारी. समोर आसन टाकून नामस्मरण करी. त्यातल्या दोन कुजल्या, त्या त्याने गुपचूप काढून टाकल्या. बाकीच्या तगल्या, आणि उन्हाचा तडाखा सुरू झाल्यावर त्यांना जी नवी पानं आली ती स्वच्छ हिरवी.

मग काय विचारता. "ताराचंदबुवांनी हरण्या बरा केला," ही बातमी पंचक्रोशीत गेली. लोक त्यांतल्या सर्वांत तरारलेल्या केळीच्या पाया पडायला येऊ लागले. केळीचे पाय कुठे असतात ते कुणाला नीट सापडेना, म्हणून ताराचंदाच्या पडू लागले. पहिले काही दिवस तो पाय मागे घेत असे.

"बाकीची बाग निसवली?" बाबांनी बांधावरूनच विचारलं.

"हो. सगळ्यांना घड लागलेत. काही पिकायलाही आलेत."

"अन् ही?"

ताराचंदाने वर पाहिलं, जणू घड आत्ताच कुठूनतरी डोकावेल.

"येईल. दुखण्यातून उठली आहे. थोडा उशीर व्हायचाच."

"व्हायचाच," बाबा म्हणाले.

"परवा पुण्यतिथी आहे, बाबा. लोक याच केळीचा मुनवा मागणार."

"मागू दे."

"मग देऊ ना?"

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"बाग तुझ्या हवाली केली व्हती. तुले जे माहीत आहे, त्याच्यावरून दे."

आणि आंघोळीला निघून गेले.

त्या दिवशी ताराचंदाला जेवण गोड लागलं नाही. कारण त्याला जे माहीत होतं, ते फक्त त्यालाच माहीत होतं.

पौषातल्या एका गारठलेल्या सकाळी याच केळीचं कोवळं पान उलगडलं, तेव्हा त्यावर देठापासून शेंड्यापर्यंत पट्टे होते. ताराचंदाने इकडेतिकडे पाहिलं. मग पान कापलं, त्याचे बारीक तुकडे केले आणि उकिरड्यात नेऊन पुरले. थंडीने पान असं होतं, असं त्याने स्वतःला सांगितलं. सांगणाराही आपणच आणि ऐकणाराही आपणच असलो की पुरावा कुणी मागत नाही.

पुण्यतिथीला माणसं उजाडल्यापासून येऊ लागली. कुणी पायी, कुणी मोटारसायकलवर, कुणी बैलगाडीत ओलं पोतं अंथरून, मुनवा वाटेत सुकू नये म्हणून. सगळ्यांच्या तोंडी एकच केळ.

आणि काशिनाथ आला.

काशिनाथ म्हणजे ताराचंदाचा थोरला भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा यानेच ताराचंदाला लहानाचं मोठं केलं. पुढे ताराचंदाने मठात राहायचं ठरवलं, तेव्हा सगळी भावकी तोंडाला येईल ते बोलली. हा एवढंच म्हणाला, "जा. भूक लागली तं घरी येजो." गेल्या साली काशिनाथची सबंध बाग हरण्याने गेली होती. त्याने ती मुळासकट काढली, रान तापू दिलं, आणि आता या मृगावर तो नव्याने केळी लावणार होता. ही लागवड साधली तर घर पुन्हा उभं राहणार होतं.

"तारा," तो म्हणाला, "मले त्या उठेल केयीचा पाहिजे. तुझ्या हातचा."

लोकांनी माना डोलावल्या. भावाचा मान पहिला, यात वाद नव्हता.

उखाबाबा लिंबाखालच्या ओट्यावर माळ ओढत बसले होते. ते उठले, कोपऱ्यात टेकवलेली पहार घेतली आणि ताराचंदाच्या हातात दिली.

"पह्यला मुनवा काशिनाथले दे," ते म्हणाले. "त्याच केळीचा."

ताराचंद पुढे झाला. गर्दीने वाट दिली. काशिनाथने खांद्यावरचा पंचा काढला, झटकला आणि दोन्ही हातांवर पसरून उभा राहिला. देवळात नारळ घ्यायला उभं राहावं तसा.

ताराचंदाने पहार बुडाशी टेकवली, पण दाबली नाही.

"भाऊ," तो म्हणाला, "तिकडच्या ओळीतला घे. जोमदार आहे."

"नको. हाच."

"हा फार लहान आहे."

"असू दे लहान. तुले एवढ्याचा एवढा केला मी. केय नही मोठी करणार?"

लोक हसले. काशिनाथही हसला. ताराचंदाला हसता येईना.

त्याने बाबांकडे पाहिलं. आता तरी बाबांनी काही बोलावं, खोकावं, काहीतरी निमित्त काढून हाक मारावी. बाबा जमिनीकडे पाहत होते. त्यांच्या हातातली माळ थांबली होती.

एकच तर मुनवा, ताराचंदाच्या मनात आलं. एवढ्या मोठ्या बागेत एक झाड. आणि पानावर तर काहीच नाही. आज नाही म्हणालो तर ही सगळी माणसं काय म्हणतील? बाबांना काय वाटेल? बाबांना ठाऊक असेलही. नसेलही. काशिनाथला तर काहीच ठाऊक नाही...

काशिनाथने पंचा जरा पुढे केला. त्याच्या तळहातांना पहारीचे ताजे घट्टे होते. ते ताराचंदाला दिसले, आणि पुढचा भादवाही दिसला. खाली उतरलेलं आभाळ. नव्या बागेचा ईशान्य कोपरा. त्या कोपऱ्यात कपाळाला हात लावून उभा असलेला भाऊ.

पहार त्याच्या हातून सुटली नाही. त्याने ती हलकेच जमिनीवर ठेवली.

"भाऊ," तो म्हणाला, "नको घेऊ."

"काऊन?"

मठात आल्यापासून ताराचंद पोथीतल्यासारखं बोले. घरची बोली त्याने उंबऱ्याबाहेर ठेवली होती. ती आता आपणहून आली.

"ही केय बरी नही, भाऊ. पुसात हिचं पान निंघालं व्हतं, साऱ्या अंगावर पट्टे. मी कापलं अन् पुरलं. कोनाले सांगितलं नही. बाबांनी कार्तिकातच काढायले सांगितली व्हती. मीच नही काढली."

जे परवापर्यंत पाया पडले होते, ते आपापल्या पायांकडे पाहू लागले.

"मंग हरण्या गेलाच नही?" मागून एकाने विचारलं.

"नही. उन्हात दिसत नही, एवढंच. आभाळ आलं का पुन्हा दिसंल."

ताराचंद भावासमोर मान खाली घालून उभा होता. शिवी येईल, कदाचित हातही उचलला जाईल, आणि दोन्ही रास्तच असेल, असं त्याला वाटत होतं. काशिनाथने पंचा सावकाश गुंडाळला. खांद्यावर टाकला. नाक शिंकरलं.

"मीबी कापलं व्हतं पान," तो म्हणाला.

ताराचंदाने वर पाहिलं.

"परूच्या साली. पह्यल्या झाडाचं. मीबी म्हटलं, थंडीनं झालं असंल. साऱ्या गावात मिरवत व्हतो ना मी, का माझ्या बागेले डाग नही म्हणून. त्या एका झाडापायी सारी बाग गेली."

"भाऊ..."

"एका आईचे शोभतो आपण," काशिनाथ म्हणाला, आणि त्याला हसू आलं. ते हसू आधी एकट्याचं होतं, मग दोघांचं झालं. गर्दीतही दोनचार जण हसले, पण जरा जपून. पान कापण्याच्या गोष्टी आणखी कुणाकुणाच्या असाव्यात.

बाबांची माळ पुन्हा सुरू झाली होती. ते ओट्यावरून उतरून आले.

"औंदा मुनव्याचा प्रसाद नही," ते म्हणाले. "ह्या बागेचा मुनवा कोनालेच नही. चांगल्या ओळीतलाबी नही."

कुजबूज झाली. एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. त्यांच्या आजोबांपासून कुणी मठाच्या मुनव्याशिवाय बाग लावलेली नव्हती.

"बाबा, रिवाज मोडतो."

"मोडू द्या. रोग वाटायचा रिवाज महाराजांनी पाडेल नव्हता."

"पण हात हलवत घरी कसं जायचं?"

"पोट भरून जायचं. पिकेल घड आहेत आत. बसा, खा. मुनवा नेऊ नका."

केळं खाल्ल्याने हरण्या कुणाच्या घरी जात नाही. तो जातो तो मुनव्याबरोबर. तेव्हा घड उतरवले गेले, माणसं बागेच्या सावलीत पंगत धरून बसली, आणि त्या पुण्यतिथीला लोकांनी इतकी केळी खाल्ली की दुपारच्या भाताला कुणी हात लावीना. आचारी तेवढा रुसला. आलेल्यांपैकी बरेच जण संध्याकाळी घरी जाताना आपापल्या बागांतून वाकडी वाट करून गेले, पानं पाहत.

गर्दी पांगल्यावर ताराचंद पहार घेऊन कोपऱ्यात गेला. काशिनाथ मागोमाग आलाच. नको म्हटलं तरी ऐकेना.

दोघांनी मिळून एकेक केळ काढली. काशिनाथ बुडाशी पहार घाली, ताराचंद कवेत धरून ओढी. कंद निघे, मुनवे निघत, मुळं चाचपून काढावी लागत. लहानपणी दोघे असेच विहिरीवरून पाणी ओढत, एकाने सोडायचं, दुसऱ्याने धरायचं. फार बोलावं लागलं नाही.

ती नावाजलेली केळ ताराचंदाने शेवटी ठेवली. खोडाला हात लावला तर ते गार लागलं, नेहमीसारखंच. इतके महिने हिच्यापुढे बसून नाम घेतलं होतं. त्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं, आणि त्याने ते लपवलं नाही. डोळे पुसले आणि भावाला म्हणाला, "घाल."

खड्डा बुजवल्यावर दोघे रांजणातलं पाणी एकाच तांब्याने प्याले. ताराचंदाच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. पौषापासून तो तिथे होता हेही आता उतरल्यावरच कळलं.

काशिनाथ बैल जुंपू लागला. गाडीत अंथरलेलं ओलं पोतं तसंच रिकामं होतं.

"मंग आता मुनवे कुठून आणशीन?" ताराचंदाने विचारलं.

"मुनवे नही आणत. टिश्यूकल्चरची रोपं मागवतो प्रयोगशाळेतली, रोग नसल्याचं तपासेल. अन् मृगाच्या दिवशी तू ये. ईशान्य कोपऱ्यातलं पह्यलं रोप तुझ्या हातानं."

"माझ्या?"

"का? हाताले काय झालं तुझ्या?"

गाडी वळणाआड जाईपर्यंत ताराचंद रस्त्यात उभा राहिला. बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकू येईनासा झाला, तरी त्याला बरं वाटतच होतं.

परत आला तर बाबा बुजवलेल्या खड्ड्यावर उभे राहून पायांनी माती दाबत होते. त्या भेगाळलेल्या टाचा पाहून त्याला लाज वाटली.

"ऱ्हाऊ द्या बाबा, मी करतो."

"कर ना. मी कुठं नको म्हटलं?"

मग दोघेही दाबू लागले. त्या रिकाम्या कोपऱ्यातून आता तापीपर्यंत दिसत होतं. इतक्या वर्षांत तिथून नदी दिसते हे ताराचंदाला माहीत नव्हतं.

"तुम्हाले पह्यल्या दिवशीच कळलं व्हतं," तो म्हणाला.

"व्हय."

"मंग सांगितलं काऊन नही?"

"कार्तिकात सांगितलं व्हतं की."

ताराचंद हसला. मग त्याचं हसू विरलं. सकाळपासून जे विचारायचं मनात होतं, ते विचारायला त्याला आत्ता धीर झाला.

"बाबा... मी तो मुनवा भाऊले देऊन टाकला असता, तं?"

बाबांचे पाय थांबले. त्यांनी ताराचंदाच्या खांद्यावर हात ठेवला.

"तं काशिनाथची बाग भादव्यात गेली असती," ते म्हणाले. "माझी तिथल्या तिथं."